रिंग किती लांबून टाकायची

गडमुडशिंगीत दुकान टाकणं सोपं आहे, विकणं अवघड. माल मिळत नाही असं नाही, माणसं येत नाहीत असंही नाही. भरपूर येतात, पण येणारा प्रत्येक जण आपला कुणीतरी लागत असतो. समोर उभा असलेला माणूस आईच्या माहेरकडून मामा तरी असतो, नाहीतर बाबांच्या तालमीतला म्हणून काका. काहीच नाही निघालं तर गावकीच्या नात्यानं तात्या असतोच. त्यानं पाव किलो काहीतरी घेतलं, पिशवी गुंडाळली आणि 'आबा बरं हाईत न्हवं?' असं विचारलं, की त्यापुढं 'साठ रुपये झाले' हे वाक्य तोंडातून बाहेर कसं काढायचं, याचं प्रशिक्षण अजून कुठल्या संस्थेनं सुरू केलेलं नाही. मी युवा उद्योजकतेचं एक रीतसर प्रशिक्षण करून आलोय, प्रमाणपत्रही आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

तसं आमचं गाव उद्योगधंद्याला परकं नाही. एका अंगाला विमानतळ, पलीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी, गावच्याच हद्दीत गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना. शेजारी गांधीनगर, म्हणजे कापडाची घाऊक बाजारपेठ. कोल्हापुरात गेलं की उद्यमनगर, जिथं न शिकलेल्या मिस्त्रींनी ऑईल इंजिनं उभी केली. इतक्या कारखान्यांच्या मधोमध राहूनही आमच्या कट्ट्यावर पोराला विचारायचा प्रश्न एकच: 'कुठं लागलास का?' लागणं म्हणजे नोकरीला. पहाटे विमानतळाच्या रस्त्यानं पोलीस भरतीची पोरं पळतात, सात वाजता फौंड्रीची पहिली पाळी जाते, दहाला कॉलेजची पोरं केएमटीच्या बसला लोंबकळतात. स्वतःचा धंदा करणाऱ्याबद्दल गावाचं मत असं, की बिचाऱ्याला कुठं लागलं नसणार.

अशा वातावरणात आमच्या कॉलेजनं युवा उद्योजकता कार्यक्रमाची नोटीस लावली. 'दुपारचा चहा-नाष्टा मोफत' ही ओळ सगळ्यात खाली होती, पण सगळ्यांनी तीच आधी वाचली. आमचे बाबा एका फौंड्रीत मोल्डर आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, 'धंदा शिकवून येत असता तर शिकिवणाऱ्यानं केला नसता?' हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून सरांना विचारायचा होता. सर स्वभावानं इतके चांगले होते की विचारवला नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी बाकडी भिंतीला लावली, मधे एक लाकडी खुंटी ठेवली आणि प्रत्येकाच्या हातात रिंगा दिल्या. कुठूनही उभं राहून टाका म्हणाले. गुण नाहीत, बक्षीस नाही. वर्गाला वाटलं, चला, जत्राच भरली. कागलकडचा एक जण थेट खुंटीजवळ गेला आणि वाकून रिंगा अलगद आत सोडून आला. त्याचं म्हणणं, नेम चुकायची भानगडच नको. तालमीत जाणारा एक जण उलट वर्गाच्या दाराबाहेर, व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. त्याची एकही रिंग खुंटीत गेली नाही, एक तर खिडकीतून बाहेर गेली, पण टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच. सर कोपऱ्यात उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते. मी ना जवळ ना लांब असा मधेच उभा राहिलो, कारण माझ्या चुलतभावानं आदल्या वर्षी हाच कार्यक्रम केला होता आणि पेपर माझ्यापुरता आधीच फुटला होता.

हा खेळ कुणा अमेरिकन माणसाच्या डोक्यातून आलाय हे मला मागाहून कळलं. हार्वर्डमध्ये डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. काही माणसांना कर्तबगारीची भूक जास्त असते आणि देश पुढं जातात ते अशा माणसांमुळं, असं त्यांनी 1961 साली पुस्तक लिहून मांडलं. मग ही भूक शिकवून वाढवता येते का हे बघायला ते भारतात आले. 1964 च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाडा गावचे छोटे व्यापारी-कारखानदार हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावले आणि त्यांना असले खेळ, असल्या गोष्टी, असली स्वप्नं रंगवायला लावली. त्यातून परतलेल्यांनी धंद्यात जास्त हातपाय हलवले, असा त्यांचा निष्कर्ष. पुढं आपल्याकडच्या उद्योजकता प्रशिक्षणात हे खेळ रुळले ते रुळलेच. खुंटीला चिकटून उभा राहतो त्याला अपयशाची भीती, लांबून टाकतो त्याचा भरवसा नशिबावर. उद्योजक मधल्या अंतरावर उभा राहतो, जिथून जमेलही आणि चुकेलही. सरांनी माझ्याकडं बोट करून वर्गाला सांगितलं, 'हा बघा.' मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पुढचे दिवस भराभर गेले. योजना शिकवल्या: मुद्रा कर्ज, त्यात शिशु म्हणजे 50,000 रुपयांपर्यंत, पंतप्रधानांच्या नावाचा रोजगार निर्मिती कार्यक्रम, 2019 पासूनचा मुख्यमंत्र्यांच्या नावाचा, सबसिडी किती, स्वतःचा वाटा किती. सबसिडी या विषयावर वर्गात जेवढी पूर्ण हजेरी होती तेवढी हिशोबाच्या तासाला नव्हती, एवढंच नोंदवतो. बँकेचे एक साहेब येऊन गेले. कर्ज देणं हे आपलं काम आहे असं ते म्हणाले आणि पुढं तासभर ते कुणाला देता येत नाही ते सांगत बसले.

धंद्यांच्या कल्पना मात्र बहारदार निघाल्या. निम्म्या वर्गाला चहाची फ्रँचायझी घ्यायची होती. उरलेल्यात शेळीपालन, मोबाईल रिपेरी, मिसळ, आणि एकाला 'ड्रोन'. ड्रोननं काय करणार विचारल्यावर तो म्हणाला, 'बघू की.' त्या दोन शब्दांतला आत्मविश्वास बघता मॅक्लेलंडनी त्याला मिठी मारली असती.

ब्रँडिंगच्या तासाला सरांनी जून 2025 मधली गोष्ट काढली. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब आपली कोल्हापुरी चप्पल होती आणि कोल्हापूरचं नाव सुरुवातीला कुठंच नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी, हेही सरांनी सांगितलं आणि विचारलं, यातून आपण काय शिकतो? मागच्या बाकावर ज्याच्या घरी चपलांचं काम चालतं असा मित्र बसला होता. तो शांतपणे म्हणाला, 'एवढंच की सर, आमच्या आज्ज्याची त्यांच्याकडं उधारी ऱ्हायल्या.' सगळा वर्ग हसला. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातलं सर्वांत बिनचूक वाक्य तेच होतं, पण ते प्रोजेक्ट रिपोर्टात कुठं लिहायचं हे कुणाला सांगता आलं नसतं.

माझा प्रोजेक्ट रिपोर्ट होता चटणीचा. चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, कोल्हापूरकराच्या ताटाला रंग देणारी. खोबऱ्याची, कोथिंबिरीची म्हणाल तर ती आमच्या लेखी चटणीच नव्हे. आमच्या आजीच्या हातची चटणी गावात नावाजलेली. उन्हाळ्यात ती स्वतः मिरच्या निवडते: रंगाला ब्याडगी, चवीला गडहिंग्लज बाजारातली जवारी, आणि जावयांसाठी लवंगी थोडी वाढवून. देठ काढणं, वाळवणं, तेलावर भाजणं, मग डंकावर नेऊन समोर बसून कुटून घेणं. डंकवाल्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. आपल्या मिरच्या दुसऱ्याच्या पिशवीत जातात या संशयानं ती तिथून पाणी प्यायलासुद्धा हलत नाही. सर म्हणाले, हाच तुमचा गुणवत्ता नियंत्रण विभाग.

अन्न नोंदणी केली. छोट्या धंद्याला आम्ही केली तेव्हा वर्षाला 100 रुपये शुल्क होतं, ते परवडलं. लेबलवर आजीचा फोटो टाका, लोकांना घरचं वाटतं, असा सरांचा सल्ला. आजीला सांगितलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली, 'फोटू लावाय मी काय गेलोय व्हय रं?' आमच्या घरी भिंतीवर चार फोटो आहेत आणि चारही हारातले आहेत, त्यामुळं तिचा मुद्दा खोडून काढता आला नाही. फोटोच्या जागी मिरची काढली.

जिल्ह्याच्या पातळीवर आणखी एक अडचण निघाली. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत 'एक जिल्हा, एक उत्पादन' असं असतं आणि कोल्हापूरच्या वाट्याला गूळ आलाय. आता त्यात चूक काही नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, गुळाच्या व्यापारानं ती वाढली, कोल्हापुरी गुळाला मानांकनही आहे. पण सरकारी कचेरीत एका टेबलावरचे गृहस्थ मला म्हणाले, 'चटणीत गूळ घालता येतोय का बघा.' हे मी आजीला आजतागायत सांगितलेलं नाही.

खरी गंमत विक्रीला सुरुवात झाल्यावर. पहिल्या आठवड्यात सगळा माल संपला. प्रोजेक्ट रिपोर्टात मी विक्रीचे तीन अंदाज लिहिले होते: वाईट, बरा आणि उत्तम. प्रत्यक्षात उत्तमाच्याही वरचढ झालं, आणि गल्ल्यात आले ते चहापुरते पैसे. बाकी सगळं वहीत. वरच्या आळीची मावशी: 'दूध बिल आलं की देतो.' मळ्यातले काका: 'ऊस गेलाय, बिल जमा झालं की घे.' शेजारचे आण्णा: 'पोराचा पगार होऊ दे.' एका आजोबांनी तर पैशांचा विषयच काढला नाही. पाकिटावरून हात फिरवून 'लई मोठा झालास' म्हणाले आणि निघून गेले. हे येणं कुठल्या रकान्यात धरायचं?

सुरुवातीला मी वैतागलो. मग वही घेऊन बसलो, आणि हिशोब मांडता मांडता अख्ख्या गावाचं घड्याळ दिसायला लागलं. डेअरीला दूध घालणाऱ्याचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, म्हणून मावशीची उधारी दहा दिवसांची. ऊस कारखान्याला गेल्यावर एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला दर, 14 दिवसांत द्यावी असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला दरवर्षी जमणाऱ्या शेतकऱ्यांच्या गर्दीला विचारावं. तेव्हा मळ्यातले काका माझे पैसे बुडवत नव्हते. कारखान्यानं त्यांना थांबवलं होतं, त्यांनी मला थांबवलं, आणि मी लक्ष्मीपुरीतल्या मिरचीवाल्याला 'येत्या आठवड्यात नक्की' म्हणालो. प्रशिक्षणात 'येणे' या रकान्यात ग्राहकांकडून वसुली सरासरी 15 दिवस असं लिहायला सांगतात. ही सरासरी काढणाऱ्याचा कुणी मामा नसावा.

त्याच सुमारास चुलतबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरला गेलो. या गांधीनगरची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात आमच्या शेजारी वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. 1943 ते 48 या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश बायका-मुलं, म्हातारी माणसं ऊस आणि जोंधळ्याच्या मुलखात राहून गेली. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनं घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं आली, आणि त्यांनी उभं केलं ते आजचं गांधीनगर. उद्योजकतेचा याहून मोठा धडा हाकेच्या अंतरावर असताना आम्हाला मात्र स्लाईडवर कॅलिफोर्नियातलं गॅरेज दाखवलं, ही माझी एक बारीकशी तक्रार आहे.

तर त्या दुकानात शेठ आईला 'मावशी, बसा' म्हणाले. चहा मागवला. आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली, नवऱ्यामुलाचं गाव विचारलं, एक साडी 'ही आमच्याकडून' म्हणून वेगळी ठेवली. एवढं सगळं करून, तोच हसरा चेहरा तसाच ठेवून, बिल पुढं सरकवलं आणि क्यूआर कोडाची पाटी आईकडं फिरवली. आईनं निमूट पैसे भरले. परतताना मी तिला विचारलं, गावात तू कधी असे लगेच पैसे दिलेस का गं? ती म्हणाली, 'ते येगळं. ते काय उद्या आपल्या दारावरनं जाणाराय व्हय?' आणि मला खुंटी दिसली, रिंगा दिसल्या. शेठ बरोबर मधल्या अंतरावर उभे होते. मावशी म्हणण्याइतके जवळ, पैसे मागण्याइतके लांब. मी मुडशिंगीत जन्माला आलो तोच खुंटीला चिकटून. माझ्या रिंगा आत पडतात त्यात कसब कुठलं, आणि त्यात मिळकत तरी कुठली?

अर्थात अंतराचं हे कौतुक मी जपून करतो, कारण याच कोल्हापुरात दुसऱ्या जातीच्या अंतरानं एकाचा धंदा बसायची वेळ आली होती. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकर होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना अमानुष मारहाण झाली. महाराजांनी त्यांना धंदा काढायला सांगितलं, मदत केली, आणि भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' उघडलं. चहा चांगला, जागा स्वच्छ, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? रस्त्याच्या पलीकडून लोक बघत जायचे. मग महाराजांनी आपली गाडी हॉटेलासमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. भांडवल देणारे पुष्कळ असतात, रोज येऊन गिऱ्हाईक होणारा राजा क्वचित. आमच्या योजनांच्या यादीत सबसिडीचे टक्के होते, व्याजाचे दर होते, पण 'पहिले काही महिने साहेब स्वतः येऊन घेतील' असं कलम मला सापडलं नाही.

आमचं गाडं मार्गी लागलं ते पुण्यामुळं. हिंजवडीत काम करणारा गावचा एक दादा सुट्टीला आला आणि जाताना चार पाकिटं घेऊन गेला. त्याच्या खोलीतल्या पोरांनी ती पहिल्या आठवड्यातच पोह्यांवर, अंड्यांवर, आणि शेवटी नुसत्या भाकरीवर तेल टाकून संपवली. मग मागणी आली, तीही आगाऊ पैशांसह. मला वाटलं काहीतरी घोटाळा आहे. मी फोन करून विचारलं की पैसे चुकून आलेत का. पुण्याच्या पोरांना पाकिटावरच्या मिरचीचं काही नव्हतं. त्यांना खालचा बारीक अक्षरातला पत्ता आवडला होता: मु. पो. गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर. गावात ज्या पत्त्यामुळं पैसे मिळत नव्हते, त्याच पत्त्याचे पुण्यात पैसे पडत होते.

आजीला हा हिशोब माझ्या आधी कळला. कुठल्याही सरांशिवाय तिनं दोन भाव ठरवले. गावातलं कुणी आलं आणि घरी खायला हवी म्हणालं, की वाटी आणायला सांगायची, सुटी चटणी द्यायची, आणि वहीला हात लावायचा नाही. ते आधीपासून चालत आलंय, ते धंद्यात धरायचंच नाही. पण पाकीट हवं असेल तर रोख. पाकीट गावाबाहेर जाणार, मग पैसे आधी. पाकिटाला आतून चिकटपट्टी लावलेली असते, ती बघून तिनं मला समजावलं, 'ह्ये बंद हाय. बंद वस्तूला नातं नसतंय.'

पद्धत छान चालली. वही बारीक झाली, लक्ष्मीपुरीतला मिरचीवाला मला बघून शटर ओढेनासा झाला. कार्यक्रमाचे सर पाहणीला आले तेव्हा आजीनं त्यांना वाटीभर सुटी चटणी बांधून दिली आणि त्यांनी पैसे पुढं केल्यावर रागावली. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

परवा वरच्या आळीची मावशी आली. आजी ओट्यावर बसली होती. मावशीनं पाच पाकिटं मागितली. आजीनं डोळे बारीक करून विचारलं, 'घरात खायला का भाईर धाडाय?' मावशी म्हणाली, 'पुण्याला. पोरीकडं.' आजीनं माझ्याकडं विजयी नजरेनं बघितलं आणि हात पुढं केला. मावशीनं पाकिटं पिशवीत घातली, पदरानं तोंड पुसलं आणि आजीच्या शेजारी ओट्यावर ऐसपैस बसत म्हणाली, 'पोरगी गणपतीला यील की, तवा तिच्याकडनंच घे. आन् जरा च्या टाकाय सांग बघू.'